केरूचे वजन

मित्रांनो, मी एक जुना चषक आहे, पण माझी ओळख ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. मला कोणी कुस्तीच्या फडात जिंकलेले नाही की क्रिकेटच्या मैदानावर उंचावलेले नाही. एका बाळाचे वजन सगळ्यांत जास्त भरले, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. आज मी दुबईत, अल बर्शामधल्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या फळीवर उभा आहे. पाहुणे आले की घरातले पहिले बोट माझ्याकडे जाते, आणि मला लाज वाटते. कोणी मऊ फडके घेऊन मला घासू लागले की ती आणखी वाढते. चमकावे असे माझ्या हातून काही घडलेलेच नाही.

सुरुवातीला मात्र मी भलताच तोऱ्यात होतो. पुण्यातल्या एका कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून मला आकार दिला, दोन्ही बाजूंना दोन कान जोडले आणि वर चांदीचा मुलामा चढवला. माझ्याबरोबर घडलेले भाऊ कोणी तालमीत गेले, कोणी शाळेच्या शर्यतीत. माझ्या पोटावर इंग्रजीत कोरले गेले, ‘बेबी वीक, पहिले बक्षीस’. मग मला गवतात गुंडाळून एका लहान गावी पाठवले. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती आणि दुसरे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

त्या गावात तान्ही मुले फार दगावत. इतकी, की वर्ष उलटेपर्यंत बाळाचे कौतुक करायला कोणी धजत नसे. म्हणून नगरपालिकेने जकात नाक्यामागच्या दोन खोल्यांत बालसंगोपन केंद्र काढले आणि वसईकडची एक शिकलेली नर्स तिथे नेमली. तिचे नाव इसाबेल. गाव तिला नर्सबाई म्हणे. पहिले काही दिवस केंद्रात चिटपाखरूही फिरकले नाही. ‘ख्रिस्ताव बाई आहे, लेकराला हात लावून बाटवील,’ असे बायका म्हणत. मग नर्सबाईच घरोघर फिरू लागली. नाळ कापायची कात्री आधी उकळायची, हे तिने गावच्या सुइणींना शिकवले. शेतावर जाताना मूल झोपून राहावे म्हणून आया त्याला अफूची गोळी चाटवत. ती सवय सोडवताना तिने कोणाला दटावले, कोणाच्या पायाही पडली. हळूहळू केंद्राच्या दारात बायकांची रांग लागू लागली. ज्यांच्या आया दिवसभर कामावर असत, अशा लेकरांना सकाळी तिथे दूध मिळू लागले.

दूध मात्र नेहमी कमी पडे. नर्सबाई वाढवून मागे आणि पालिकेचे सभासद नुसत्या माना हलवत. पण बालसप्ताह साजरा करायचे ठरले, तेव्हा मांडव, पताका, बँड आणि मी, या सगळ्यांची सोय चुटकीसरशी झाली. मला टेबलावर ठेवले तेव्हा नर्सबाईने माझ्याकडे एकदाच पाहिले.

“एवढ्यात उन्हाळाभराचं दूध आलं असतं,” ती म्हणाली.

मला वाटले, बाई हेकट दिसते. मी माझी चकाकी पाहण्यात दंग होतो.

स्पर्धेच्या दिवशी मला वजनकाट्याच्या अगदी शेजारी ठेवले होते. एकेक बाळ पारड्यात बसे, नर्सबाई वजन वाचे आणि कारकून ते टिपून घेई. गावच्या वकिलांचे बाळ आले तेव्हा मांडवात कुजबुज झाली. काय ते बाळ! मनगटावर वळ्या, मांड्यांवर वळ्या, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. एकवीस पौंड भरले. त्याचे नाव विनायक. त्याला कडेवर घेऊन आली होती ती राही. बाळाची आई, म्हणजे वकिलीणबाई, मागे सासूच्या आड उभी होती. ती जेमतेम सतरा-अठरा वर्षांची असेल. बाळंतपणात तिला असा ताप आला की तिचे दूधच गेले. तेव्हा सासूने नदीपलीकडच्या वाडीतून राहीला आणले. राहीलाही तेवढ्याच वयाचे मूल होते. अट अशी होती, की राहीने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वकिलांकडे राहायचे आणि विनायकाला अंगावर पाजायचे. घरी जाऊन उरलेले आपल्या लेकराला. पण विनायक काही उरू देणाऱ्यांतला नव्हता.

राहीच्या मुलाचे नाव केरू. आधीची दोन मुले गेली होती, म्हणून याला असे नाव. कचऱ्याकडे मरणाचे लक्ष जात नाही, अशी त्या वेळच्या आयांची समजूत. त्या दिवशी केरूला त्याची आजी घेऊन आली होती. नर्सबाईनेच तिला बोलावले होते, सभासदांनी हेही बाळ पाहावे म्हणून. केरूला पारड्यात ठेवले आणि तो रडू लागला. मोठ्याने रडायचीही ताकद नव्हती त्याच्यात. राही विनायकाला घेऊन पलीकडे उभी होती. केरूचा आवाज ऐकला आणि तिच्या चोळीवर ओल पसरली. तिने पदर ओढून घेतला. मित्रांनो, आईच्या अंगाला आपल्या लेकराचा आवाज कळतो, तिथे कोणाची अट चालत नाही. पण पाय मात्र अटीने बांधलेले होते. ती जागची हलली नाही.

बक्षीस द्यायला कलेक्टरसाहेबांच्या मडम आल्या होत्या. त्यांनी विनायकाचा गाल ओढला आणि मामलेदारांकरवी विचारले, “बाळाला कोण पाजतं?”

“आई!” वकिलीणबाईंच्या सासूने ताडकन सांगितले. “आमच्या घरात दूध उणं पडत नाही.”

नर्सबाईने तोंड उघडले. नगराध्यक्षांनी तिच्याकडे पाहिले आणि तिने ते मिटले. पालिकेची नोकरी होती तिची. केंद्र चालायचे तर त्या माणसांशी वाकडे घेऊन भागणार नव्हते. वकिलीणबाई खाली मान घालून पुढे आली. मडमबाईंनी मला तिच्या हातात दिले. तिने मला लगेच पदराखाली झाकले. मला वाटले, दृष्ट लागू नये म्हणून. बँड वाजला. मी मोठा खुशीत होतो.

सगळे पांगल्यावर राही काट्यापाशी आली.

“बक्षीस तुझं गं,” नर्सबाई हळू आवाजात म्हणाली.

“मला कप काय करायचाय बाई? केरूचं वजन किती भरलं, तेवढं सांगा.”

नर्सबाईने काट्याची पारडी उगाचच पुसली. “वाढेल पुढच्या महिन्यात,” ती म्हणाली. “मी दूध वाढवून मागते.”

त्या उन्हाळ्यात जुलाबाची साथ आली आणि केरू गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी राही वकिलांकडे आली. सासूबाईंनी तिला आंघोळ करायला लावली आणि विनायकाला तिच्या मांडीवर दिले. विनायक पोटभर प्यायला. मी समोरच्या कोनाड्यातून हे पाहिले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी कशाचे बक्षीस आहे. त्यानंतर आजतागायत मी कोणाकडे ताठ मानेने पाहिलेले नाही.

पण लोकांनी मला ताठच उभे केले. वकिलांच्या घरी आल्यागेल्याला मला दाखवत आणि ‘आमच्या घरात दूध उणं पडत नाही’ हे वाक्य सांगत. थोरल्या सासूबाई गेल्या, तरी वाक्य राहिले. वकिलीणबाई स्वतः म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्याही ते म्हणू लागल्या. खोटे इतकी वर्षे कानावर पडले की आपलेच वाटू लागते, तसे त्यांचे झाले असावे. घरात सून आली, बाळंत झाली, की मला खाली काढत, राखेने घासत आणि तिच्यासमोर ठेवत. एखादीला दूध कमी आले तर ती माझ्याकडे बघून डोळे टिपी. मला ओरडून सांगावेसे वाटे, ‘अगं, रडू नकोस, या वकिलीणबाईंना तरी कुठे आले होते!’ पण चषकाला दोन कान असतात, तोंड नुसते नावाला. घासून घासून माझा मुलामा गेला आणि जागोजाग पितळ उघडे पडले, तेवढीच काय ती माझी साक्ष. ती कोणी वाचली नाही.

विनायक मोठा झाला, वकील झाला, सगळ्यांचा अण्णा झाला. त्याने मात्र मला कधी हात लावला नाही. जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा त्याने मला ट्रंकेत टाकले. त्या अंधारात मी बरीच वर्षे सुखाने काढली. तुम्ही म्हणाल, अडगळीत कसले सुख? पण लाजणाऱ्याला अंधार बरा वाटतो.

अण्णांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव सदानंद यांनी ट्रंक उघडली. सदानंद निवृत्त गृहस्थ, माणूस प्रेमळ, पण घराण्याचा अभिमान जरा जास्तच. त्यांचा मुलगा निनाद दुबईत नोकरीला. निनादच्या बायकोने, मृणालिनीने, फोनवर सांगितले की इथल्या मराठी मंडळाने स्नेहसंमेलनात गुटगुटीत बाळ स्पर्धा ठेवली आहे आणि आपल्या ओवीचे नाव दिले आहे. सदानंद तसेही महिनाभर दुबईला जाणारच होते. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून बॅगेत भरले.

अशा रीतीने मी अल बर्शाला आलो. त्या घरात सदानंदांची थोरली नात ईशानी, वय आठ, आणि धाकटी ओवी, दहा महिन्यांची. ईशानीने मला उलटसुलट करून पाहिले.

“आजोबा, व्हॉट डिड ही डू टू विन धिस?”

“माझे वडील गं ते. सगळ्यांत गुटगुटीत बाळ होते गावातले.”

“सो ही जस्ट सॅट देअर?”

सदानंद हसले. मीही मनातल्या मनात हसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता.

“नुसतं बसून नाही गं,” सदानंद म्हणाले. “माझ्या आजीच्या दुधाचं बक्षीस आहे ते. आमच्या घरात दूध उणं पडत नाही.”

मृणालिनी ओट्यापाशी चहा गाळत होती. तिचा हात थांबला. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात ती मोठ्या हुद्द्यावर होती. बाळंतपणाची दोन महिन्यांची रजा संपल्यावर ती कामावर परतली आणि बघता बघता तिचे दूध आटले. पावडरच्या दुधाचा डबा ती कणकेच्या डब्यामागे ठेवत असे, सासरे येणार म्हणून. ओवी स्पर्धेत पहिली यावी, असे तिला का वाटत होते, ते मला त्या क्षणी समजले. तिला कोणाला हरवायचे नव्हते. माझ्यासमोर मान वर करून उभे राहता यावे, एवढेच तिला हवे होते. आणि मी कोण, तर एका खोट्याचा पुरावा!

ओवीला सांभाळायला शहरबानू होती. हैदराबादची, पंचविशीची. ओवीला न्हाऊ घालणे, भरवणे, झोपवणे सगळे तिचेच. ओवी दुसऱ्या कोणाच्या हातून घासच घेत नसे. आई चमचा पुढे करी तेव्हा ती तोंड घट्ट मिटून घेई आणि शहरबानूने काहीतरी गुणगुणले की आ करी. शहरबानूला स्वतःचा एक मुलगा होता, रिझवान. तो रांगत होता तेव्हा त्याला आईकडे ठेवून ती इकडे आली. त्याची पहिली पावले तिने फोनवर पाहिली. रोज दुपारी ओवी झोपली की ती माझ्या फळीला फोन टेकवून त्याच्याशी बोलायची. अलीकडे त्याला ताप येऊन गेला होता आणि त्याने खाणे सोडले होते. फोनवर आई दिसली की तो आजीच्या ओढणीत तोंड लपवी.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात शहरबानूने विचारले, “भाभी, मेरेकु एक हफ्ते की छुट्टी होना. रिझवान कुछ खाताच नहीं बोल रई अम्मा.”

“कधी?”

“अभी. हो सके तो कलच.”

मृणालिनीने ओवीकडे पाहिले, मग फळीवर माझ्याकडे. “शहरबानू, संडे को कॉम्पिटिशन है. तुम गई तो ओवी खाना छोड देगी, वेट कम हो जाएगा. उसके बाद देखते हैं, ओके?”

“हौ भाभी,” शहरबानू म्हणाली. ती लगेच वळली आणि ओवीची खिमट ढवळू लागली. मृणालिनी वाईट बाई नव्हती. पण आपण काय बोललो ते तिला त्या वेळी ऐकूच आले नाही. मला मात्र ऐकू आले. मी ते फार पूर्वी ऐकलेले होते, फक्त दुसऱ्या शब्दांत.

रविवारी निनादने घाई केली, “यल्ला, यल्ला! पार्किंग मिळणार नाही नंतर.” सदानंदांनी मलाही बरोबर घेतले. सभागृहात रांगोळी होती, पताका होत्या, आणि बँडऐवजी स्पीकर होता. मंडळाच्या अध्यक्षांनी मला टेबलावर ठेवले, काट्याच्या अगदी शेजारी. काटा आता विजेचा होता, पारडे नव्हते. मला वाटले, कोणीतरी मला पुन्हा त्याच मांडवात नेऊन उभे केले आहे.

ओवीचे वजन सगळ्यांत जास्त भरले. एक हसतमुख डॉक्टरीणबाई परीक्षक होत्या. त्यांनी मृणालिनीपुढे माईक धरला. “छानच आहे हो बाळ! कोण भरवतं हिला?”

मृणालिनीने समोर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिले. ते माझ्याकडे बघून कौतुकाने मान डोलावत होते.

“मी,” मृणालिनी म्हणाली. “ऑफिस सांभाळून सगळं मीच करते.”

“बट मम्मा,” खालून ईशानीचा खणखणीत आवाज आला, “शहर दीदी फीड्स हर!”

सभागृह हसले. डॉक्टरीणबाई हसल्या. सगळ्यांनी ती लहान मुलीची गंमत समजली. मृणालिनीच्या हातात नवा चषक आला, फोटोसाठी सगळे पुढे सरकले, आणि ओवीने भोकाड पसरले. ती मागे दारापाशी उभ्या असलेल्या शहरबानूकडे हात पसरून रडू लागली. शेवटी शहरबानूला पुढे बोलवावे लागले. तिने ओवीला घेतले आणि ओवी क्षणात शांत झाली. “जरा बाजूला व्हाल का, फक्त फॅमिली?” फोटो काढणारा म्हणाला. शहरबानू ओवीला आईकडे देऊन बाजूला झाली. फोटोत ओवी रडतेच आहे.

घरी आल्यावर नवा चषक माझ्या शेजारी ठेवला. तो प्लास्टिकचा होता, सोनेरी रंगाचा, आणि फार आनंदात होता.

जेवताना ईशानीने पुन्हा विचारले, “मम्मा, डिड यू लाय?”

मग सदानंदांनी सारवासारव केली. “असं बोलू नये बाळा. भरवतं कोणीही, पण बाळ आईचंच असतं. आता माझेच वडील बघ. दर संक्रांतीला ते साडीचोळी आणि तिळगूळ घेऊन नदीपलीकडे एका म्हातारीकडे जायचे. मला बाहेर उभं करायचे आणि आत जाऊन तिच्या पाया पडायचे. ती त्यांच्या दंडावरून हात फिरवायची, एवढा मोठा वकील माणूस, तरी. अण्णा तिला राहीआई म्हणायचे. घरात आजी असताना दुसऱ्या बाईला आई म्हणतात, म्हणून मला भारी राग यायचा. पण म्हणून काय आजीचं आईपण...”

ते बोलता बोलता थांबले. मृणालिनीने घास खाली ठेवला.

“बाबा, त्या राहीआईंना मूलबाळ होतं?”

“एक होतं म्हणे. तान्हेपणीच गेलं. एकटीच राहायची ती.”

“आणि आजींना दूध येत होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आजीनेच,” सदानंद म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या पोटावर उघडे पडलेले पितळ त्यांना इतके दिवस दिसले नव्हते असे नाही. पण आज ते बघतच राहिले. त्यांचा चेहरा उतरला. “अण्णांनी याला कधी हात लावला नाही,” ते अगदी हळू म्हणाले. “मला वाटायचं, त्यांना याची किंमत नाही.”

मृणालिनी उठून ओट्यापाशी गेली. शहरबानू भांडी विसळत होती. मृणालिनीने कणकेच्या डब्यामागून पावडरच्या दुधाचा डबा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा पुढे ठेवला. मग तिला रडू कोसळले. “शहरबानू, मैंने स्टेजपर झूठ बोला. और तुमको रोक के रखा. मुझे बहुत शरम आ रही है.”

“भाभी, नक्को रोओ. बच्ची देख रई.”

“कल की फ्लाइट देखती हूं. तुम जाओ. एक हफ्ता नहीं, जितने दिन लगें.” मृणालिनीने फळीवरचा नवा चषक उचलला आणि तिच्यापुढे धरला. “ये भी ले जाओ. ये तुम्हारा है.”

शहरबानूने ओले हात पदराला पुसले. चषक काही घेतला नाही. “कप का क्या करूंगी भाभी? मेरा बच्चा दो निवाले खा लिया तो बस.”

मित्रांनो, मी पितळेचा आहे. मला रडता येत असते तर मी तेव्हा रडलो असतो.

शहरबानू गेली. ओवीने दोन दिवस घर डोक्यावर घेतले. मृणालिनीने रजा टाकली आणि चमचा घेऊन तिच्यामागे रांगली. खिमट ओवीच्या पोटात कमी आणि मृणालिनीच्या केसांत जास्त गेली. ओवी वाळली थोडी, हे खरेच. सदानंद तिला खिडकीशी घेऊन मेट्रो दाखवत आणि तेवढ्यात मृणालिनी एक घास सरकवी. आता सदानंद पाहुण्यांना ते घराण्याचे वाक्य सांगत नाहीत. कोणी माझ्याबद्दल विचारलेच तर म्हणतात, “हा राहीआईंचा आहे. आमच्याकडे चुकून आला.” तेवढे म्हणतानाही त्यांचा आवाज पडतो.

तिकडे रिझवान पहिले काही दिवस शहरबानूच्या जवळच येईना. अनोळखी बाईला बघून आजीमागे लपे. हे तिने फोनवर सांगितले तेव्हा मृणालिनीने ओठ घट्ट दाबून धरले होते. मग काल दुपारी पुन्हा फोन आला. माझ्याच फळीला टेकवून मृणालिनी बोलत होती. पडद्यावर रिझवान आईच्या मांडीवर बसला होता आणि तिच्या हातातला वरणभात स्वतःच ओढून घेत होता.

“खाता है!” मृणालिनी जवळजवळ ओरडलीच. “दवाखाने ले गई थी क्या? वजन कितना है उसका?”

शहरबानूने फोन जवळ घेतला. मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. या घरात तिच्या मुलाचे वजन तिला कोणी विचारले, असे हे पहिल्यांदाच घडत होते. तिने सांगितले. अजून कमीच होते, पण वाढले होते. परत कधी येणार, हे मृणालिनीने विचारले नाही. शहरबानूनेही सांगितले नाही.

मित्रांनो, गुटगुटीत बाळ दिसले तर त्याचे कौतुक जरूर करा, गालही ओढा. पण त्याच्या मागे, फोटोच्या बाहेर, कोणी उभे आहे का ते पाहा. असेल, तर तिचे स्वतःचे लेकरू कुठे आहे, आज जेवले का, एवढे तिला विचारा. आणि मला घासू नका. माझे पितळ असेच दिसू द्या.

आता एकच राहिले. त्या दिवशी मी काट्याच्या अगदी शेजारी होतो आणि मी सगळे पाहिले होते. जिने विचारले तिला कोणी सांगितले नाही, आणि ऐकायला ती आता नाही. तरीही सांगतो. राही, तुझ्या केरूचे वजन दहा पौंड भरले होते.